घटकराज्यांच्या घटना : तुलनेच्या निकषाचा विचार

१

संघराज्यपद्धतीच्या अभ्यासात घटकराज्यांच्या घटनांची तुलना हा एक रूढ विषय आहे. मराठी पाठ्यग्रंथांत या तुलनेचा निकाल बहुधा एका वाक्यात लागतो : अमेरिकेतील घटकराज्यांना स्वतःच्या घटना आहेत, भारतातील घटकराज्यांना त्या नाहीत. हे विधान खोटे नाही. परंतु ते जेथे थांबते तेथेच खरा प्रश्न सुरू होतो. भारतातील राज्यांना राज्यपाल आहे, विधिमंडळ आहे, मंत्रिपरिषद आहे, उच्च न्यायालय आहे. या सर्वांचे अधिकार आणि परस्परसंबंध लेखी नियमांनी बांधलेले आहेत. अशा नियमांच्या समुच्चयालाच जर घटना म्हणावयाचे, तर घटना नसलेले एकही राज्य भारतात नाही. मग 'नाही' म्हणतात ते नेमके काय नाही?

या प्रश्नाकडे दुर्लक्ष होण्यास मराठी परिभाषाही काही अंशी कारणीभूत आहे. 'राज्यघटना' हा षष्ठी तत्पुरुष समास. समासात पूर्वपदाची विभक्ती लोपते आणि तिच्याबरोबर वचनही लोपते. 'राज्याची घटना' आणि 'राज्यांच्या घटना' हे दोन्ही विग्रह व्याकरणदृष्ट्या सारखेच संभवतात. त्यातून 'राज्य' हा शब्द मराठीत तीन अर्थांनी वावरतो. पेशव्यांचे राज्य म्हणताना सत्तेचा अंमल अभिप्रेत असतो. राज्यशास्त्र म्हणताना राज्यसंस्था. आणि महाराष्ट्र राज्य म्हणताना संघाचा घटक. देशाच्या सर्वोच्च विधीला 'राज्यघटना' हे नाव दुसऱ्या अर्थाने मिळाले. ते इतके रुळले की तिसऱ्या अर्थाने त्याच शब्दाचा उपयोग करण्याची सोयच उरली नाही. 'महाराष्ट्राची राज्यघटना' असे कोणी लिहिले तर वाचकाला ती लेखकाची चूक वाटेल. वस्तू अस्तित्वात असून तिचे नाव दुसरीकडे गुंतलेले असणे ही भाषेच्या इतिहासात नवी गोष्ट नाही; परंतु अशा वेळी अभ्यासकाने नावावर विसंबून वस्तूचा अभाव गृहीत धरू नये.

तेव्हा 'घटना या नावाचा दस्तऐवज आहे की नाही' हा निकष तुलनेला पुरेसा नाही. त्याऐवजी दोन प्रश्न विचारणे अधिक फलदायी ठरते. पहिला : ज्या नियमांनी एखाद्या राज्याचा कारभार बांधलेला आहे, ते नियम त्या राज्यातील लोकांच्या संमतीविना बदलता येतात काय? दुसरा : संमती आवश्यक असेल, तर ती त्यांच्या वतीने कोण देतो? या दोन प्रश्नांच्या कसोटीवर औंध, जम्मू-काश्मीर आणि महाराष्ट्र या तीन उदाहरणांची परीक्षा केली असता, ज्या गोष्टी सारख्या भासतात त्या भिन्न आणि ज्या भिन्न भासतात त्या पुष्कळशा सारख्या निघतात.

२

प्रथम परदेशीय उदाहरणांचा थोडक्यात परामर्श घेणे इष्ट. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सची घटना १७८० ची, म्हणजे त्या देशाच्या १७८७ च्या संघीय घटनेहून सात वर्षांनी जुनी. नगरोनगरच्या सभांतून तिला लोकांची मान्यता घेण्यात आली होती. तेथे घटकराज्य आधी आणि संघ नंतर, हा क्रम केवळ ऐतिहासिक नसून विधितत्त्वाचा आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९९९ च्या संघीय घटनेच्या ५१ व्या कलमानुसार प्रत्येक कँटनने लोकशाही स्वरूपाची घटना केली पाहिजे, तिला तेथील लोकांची मान्यता असली पाहिजे, आणि बहुसंख्य मतदारांनी मागणी केल्यास तिच्यात बदल करता आला पाहिजे. संघीय कायद्याशी विसंगत नसेल तर संघ त्या घटनेची हमी घेतो. ऑस्ट्रेलियात वसाहतींच्या काळापासूनच्या घटना संघ स्थापन झाल्यावर १०६ व्या कलमाने पुढे चालू ठेवण्यात आल्या. तिन्ही ठिकाणी तपशील निराळे असले तरी एक गोष्ट समान आहे : घटकराज्याच्या घटनेचा कर्ता त्या राज्यातच आहे.

भारताच्या घटनाकारांना हा पर्याय माहीत नव्हता असे नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानसभेत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा भेद स्पष्टपणे पुढे ठेवला होता. अमेरिकेतील राज्यांना स्वतःची घटना करण्याचा हक्क आहे. भारतात संघ आणि राज्ये यांची घटना एकाच चौकटीत असून त्या चौकटीबाहेर कोणालाही जाता येणार नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. त्याच भाषणात त्यांनी ग्रामसंस्थेला राज्यरचनेचा पाया मानण्याच्या कल्पनेवर कठोर टीका केली आणि मसुद्याने खेड्याऐवजी व्यक्ती हा घटक मानला याबद्दल समाधान व्यक्त केले. या दोन मुद्द्यांचा परस्परसंबंध सहसा दाखविला जात नाही. वस्तुतः दोहोंच्या मुळाशी एकच चिंता आहे. खेडे किंवा प्रांत यांसारख्या समूहाच्या हाती घटनात्मक स्वायत्तता दिली, तर त्या समूहाच्या आतील दुर्बलाचे संरक्षण कोण करणार, हा तो प्रश्न. घटकराज्यांच्या स्वतंत्र घटनांचा पुरस्कार करणाऱ्या कोणत्याही विवेचनाला या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. अमेरिकेचाच इतिहास त्याला साक्षी आहे : अलाबामाची १९०१ ची घटना कृष्णवर्णीयांना मताधिकारापासून दूर ठेवण्याच्या उघड हेतूने तयार झाली होती.

३

या पार्श्वभूमीवर औंधच्या घटनेचा विचार करावयाचा. हे औंध म्हणजे पुणे शहराचे उपनगर नव्हे, तर सातारा जिल्ह्यातील पंतप्रतिनिधींची गादी. औंध, आटपाडी, कुंडल आणि गुणदाळ अशा विखुरलेल्या भागांत पसरलेल्या या संस्थानात ७२ गावे होती. मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषा बोलणारी प्रजा त्यात होती. १९३८ मध्ये राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी प्रजेला स्वराज्याचे अधिकार देण्याची घोषणा केली आणि १९३९ च्या आरंभी संस्थानची घटना अमलात आली. तिच्या सिद्धतेत राजपुत्र आप्पासाहेब पंत आणि पोलंडहून भारतात आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांचा मोठा वाटा होता. महात्मा गांधींचा सल्ला तिला लाभला होता.

या घटनेचे वैशिष्ट्य तिच्या रचनाक्रमात आहे. सामान्यतः घटना शिखरापासून सुरू होते आणि पायाशी येईपर्यंत तिची शाई संपत येते. औंधची रचना ग्रामपंचायतीपासून निघते. गावकऱ्यांनी निवडलेली पंचायत हा मूळ घटक. पंचायतींच्या प्रमुखांतून तालुक्याची सभा. आणि तालुक्यांच्या प्रतिनिधींतून संस्थानचे विधिमंडळ. गाव हे येथे वरून दिलेल्या अधिकारांचे शेवटचे टोक नसून वरच्या अधिकारांचे उगमस्थान मानले आहे. डॉ. आंबेडकरांनी नऊ वर्षांनंतर जी कल्पना नाकारली, तिचा एक छोटा पण प्रत्यक्ष प्रयोग महाराष्ट्राच्या भूमीवर होऊन गेला होता, ही गोष्ट या विषयाच्या अभ्यासकाने विसरता कामा नये.

तथापि गौरव करताना परीक्षण सुटू नये. वर सांगितलेल्या पहिल्या प्रश्नाच्या कसोटीवर औंधची घटना अपुरी ठरते. ती राजाने दिलेली होती. दात्याचे औदार्य निःसंशय होते. परंतु दिलेल्या वस्तूचे अस्तित्व दात्याच्या स्थानावर अवलंबून राहिले. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील इतर संस्थानांबरोबर औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. विलीनीकरणाच्या करारावर स्वाक्षरी करण्याचा अधिकार कायद्याच्या दृष्टीने संस्थानिकाचा होता. सत्तेचा उगम गावापासून मानणारी ही घटना संपली मात्र शिखरावरच्या एका स्वाक्षरीने. पुढे १९५६ च्या पुनर्रचनेत विजापूर जिल्हा म्हैसूर राज्यात गेल्यावर जुन्या संस्थानातील गावे दोन निरनिराळ्या राज्यांत विभागली गेली. आज आटपाडी आणि कुंडल महाराष्ट्रात आहेत, गुणदाळ कर्नाटकात. एका घटनेखाली नांदलेल्या या गावांना जोडणारा घटनात्मक धागा उरलेला नाही.

४

१९४७ ते १९४९ या काळात भारतातील राज्यांना स्वतंत्र घटना मिळण्याची शक्यता जवळ आली होती. संस्थानांच्या संघांचे जे करार झाले त्यांत त्या त्या संघासाठी संविधानसभेची तरतूद होती. सौराष्ट्र, त्रावणकोर-कोचीन आणि म्हैसूर येथे अशा सभा प्रत्यक्ष भरल्याही. त्यांच्या कामात एकसूत्रता यावी म्हणून बी. एन. राव यांच्या अध्यक्षतेखालील समितीने राज्यांसाठी नमुना-घटना तयार केली. परंतु मे १९४९ मध्ये संस्थानी राज्यांच्या पंतप्रधानांच्या परिषदेत असे ठरले की, या राज्यांची घटना भारताच्या संविधानाचाच भाग असावी. नमुन्याची गरज संपली. संविधानाच्या सहाव्या भागाने 'अ' वर्गातील राज्यांची आणि सातव्या भागातील २३८ व्या कलमाने, काही फेरफारांसह, 'ब' वर्गातील राज्यांची रचना ठरविली.

यामुळे १९५० ते १९५६ या काळात मराठी भाषकांच्या वाट्याला एकाच संविधानाखाली निरनिराळ्या राज्यरचना आल्या. पुणे, नाशिक, रत्नागिरी हे मुंबई या 'अ' वर्गातील राज्यात. विदर्भ मध्य प्रदेशात, तोही 'अ' वर्गातच. मराठवाडा हैदराबाद या 'ब' वर्गातील राज्यात, जेथे राज्यपालाच्या जागी निजाम राजप्रमुख होता. गोमंतक तर १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखालीच राहिला. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने वर्गभेद आणि राजप्रमुखपद नाहीसे झाले. या एकीकरणाचा लाभ मोठा होता. मराठवाड्यातील आणि मुंबईतील नागरिकाच्या हक्कांत राज्याच्या उगमावरून पडणारा भेद त्याने मिटविला. राज्यागणिक स्वतंत्र घटना असत्या तर ही समता इतक्या लवकर साधली असती असे म्हणणे कठीण आहे.

मात्र समता साधताना कर्तृत्व कोठे गेले ते पाहणे आवश्यक आहे. संविधानाचा सहावा भाग, म्हणजे १५२ ते २३७ ही कलमे, हीच व्यवहारतः महाराष्ट्राची आणि इतर प्रत्येक राज्याची घटना होय. ती बदलण्याची रीत ३६८ व्या कलमात आहे. काही विषयांवरील दुरुस्तीला किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांचे अनुसमर्थन लागते. अभ्यासकांनी ती यादी बारकाईने वाचावी. सहाव्या भागातील केवळ दोनच गोष्टी तीत आहेत : राज्याच्या कार्यकारी अधिकाराची व्याप्ती सांगणारे १६२ वे कलम आणि उच्च न्यायालयांविषयीचे प्रकरण. राज्यपालाची नेमणूक कोणी करावी, विधानसभेची रचना कशी असावी, तिची मुदत किती असावी, या गोष्टी संसदेला एकाही राज्याच्या संमतीशिवाय विशेष बहुमताने बदलता येतात. आणि जेथे अनुसमर्थन लागते तेथेही ते कोणत्याही निम्म्या राज्यांचे चालते. ज्या राज्याला बदल झोंबणार आहे त्याचेच असावे असा नियम नाही.

५

जम्मू-काश्मीरचे उदाहरण या सर्वांहून निराळे मानले जात असे. १५२ व्या कलमातील व्याख्येनुसार सहाव्या भागापुरता 'राज्य' या शब्दात जम्मू-काश्मीरचा समावेश होत नव्हता. राज्य असून 'राज्य' या शब्दाच्या अर्थाबाहेर राहणारा हा एकमेव घटक. त्याची स्वतःची संविधानसभा १९५१ मध्ये भरली. १७ नोव्हेंबर १९५६ रोजी तिने घटना स्वीकारली आणि २६ जानेवारी १९५७ पासून ती पूर्णपणे अमलात आली. राज्य हे भारतीय संघराज्याचा अविभाज्य भाग आहे, असे सांगणारे तिचे तिसरे कलम दुरुस्तीच्या कक्षेबाहेर ठेवले होते. इतर दुरुस्त्यांना विधिमंडळाच्या दोन-तृतीयांश सदस्यसंख्येचा पाठिंबा लागे. राज्याची राजभाषा म्हणून उर्दूचा उल्लेख त्याच घटनेत होता. शिवाय भारतीय संविधानाचे तिसरे कलम त्या राज्याला लागू करताना अशी पुस्ती जोडली होती की, राज्याचे क्षेत्र, नाव वा सीमा बदलणारे विधेयक राज्याच्या विधिमंडळाच्या संमतीशिवाय मांडता येणार नाही.

दस्तऐवज आहे, कर्ता राज्यातला आहे, संमतीचे कलमही आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे पूर्णपणे समाधानकारक दिसते. परंतु दुसरा प्रश्न शिल्लक राहतो : संमती कोण देतो? २०१८ मध्ये राज्याची विधानसभा विसर्जित झाली व राष्ट्रपती राजवट लागू झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशांनी भारतीय संविधान तेथे संपूर्णपणे लागू करण्यात आले. विधानसभेच्या ठिकाणी संसदेचेच मत ग्राह्य धरले गेले, आणि ३१ ऑक्टोबर २०१९ पासून त्या राज्याचे दोन केंद्रशासित प्रदेश झाले. ११ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ३७० व्या कलमाविषयीचे आदेश वैध ठरविले. राज्याच्या घटनेला पुढे काही प्रयोजन उरले नाही. या निर्णयाच्या राजकीय इष्टानिष्टतेची चर्चा हा येथील विषय नाही. तुलनेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एवढीच की, ज्याची संमती हवी त्याच्या जागी दुसरा उभा राहू शकत असेल, तर स्वतंत्र घटनेचा दस्तऐवजही तिचे रक्षण करू शकत नाही. औंधमध्ये राजा प्रजेच्या जागी उभा होता. येथे विधानसभेच्या जागी संसद उभी राहिली. राजसत्ता आणि लोकशाही यांत अंतर अर्थातच फार मोठे आहे. साम्य केवळ प्रतिनिधित्वाच्या या एका सांध्यापुरते आहे.

भाषेच्या अभ्यासकाला यातील एक परिणाम विशेष लक्षणीय वाटेल. राज्याची घटना संपल्यावर तेथील राजभाषेचा प्रश्न संसदेकडे आला, आणि २०२० च्या अधिनियमाने उर्दू व इंग्रजीबरोबर काश्मिरी, डोगरी आणि हिंदी यांनाही राजभाषेचे स्थान मिळाले. काश्मिरी आणि डोगरी या तेथील लोकांच्या बोलण्यातील भाषा. त्यांना मिळालेले स्थान स्वागतार्हच. परंतु राज्याच्या स्वतःच्या घटनेने त्या दोन भाषांना सहा दशके ते स्थान दिले नव्हते, हेही नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. घटना राज्याने केली म्हणजे ती आपोआप लोकभाषेच्या जवळ जाते, असे नव्हे.

६

आता महाराष्ट्राकडे वळावे. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचनेचे विधेयक संविधानाच्या तिसऱ्या कलमानुसार मुंबई विधिमंडळाकडे अभिप्रायार्थ आले, तेव्हा त्यात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन घटक प्रस्तावित होते. संसदेने ते बदलून द्विभाषिक मुंबई राज्याची रचना केली आणि बदललेला प्रस्ताव विधिमंडळाकडे पुन्हा पाठविला नाही. बाबूलाल पराते यांच्या खटल्यात १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कृत्य घटनेशी सुसंगत ठरविले : विधिमंडळाचे मत मागविणे पुरेसे आहे, ते मानणे आवश्यक नाही, आणि प्रस्ताव बदलल्यास पुन्हा विचारण्याचीही आवश्यकता नाही. पुढे १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले ते संसदेच्या १९६० च्या अधिनियमाने. ते घडविणारी शक्ती संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची होती. विधीच्या पुस्तकात त्या शक्तीला स्थान नव्हते. १०५ हुतात्म्यांचे स्मरण करणाऱ्या महाराष्ट्राच्या जन्मदाखल्यावर घटनात्मक अर्थाने महाराष्ट्रीय जनतेची स्वाक्षरी नाही, हे विधान कटू असले तरी वस्तुस्थितीला धरून आहे.

याच्याशेजारी गोव्याचे उदाहरण ठेवावे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यातील मतदारांना महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे, हा प्रश्न थेट विचारण्यात आला, आणि त्यांनी विलीनीकरण नाकारले. ही विचारणा संविधानाने बंधनकारक केली नव्हती. संसदेने त्यासाठी १९६६ मध्ये स्वतंत्र अधिनियम केला होता. म्हणजे लोकांची प्रत्यक्ष संमती घेण्याची रीत भारतात अशक्य नव्हती. ती केवळ नियम म्हणून स्वीकारली गेली नाही. जे गोव्याला मिळाले ते १९५६ मध्ये बेळगावला मिळाले नाही. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल आणि महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा हा पुढला इतिहास त्या न विचारलेल्या प्रश्नाचाच विस्तार होय.

महाराष्ट्रासाठी खास म्हणता येईल अशी तरतूद संविधानात शोधू गेल्यास ३७१ व्या कलमाचा दुसरा खंड हाती लागतो, आणि त्यातही गुजरात वाटेकरी आहे. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळे, निधीचे न्याय्य वाटप, शिक्षण व सेवांतील पुरेशी संधी यांबाबत राज्यपालावर विशेष जबाबदारी सोपविण्याची सोय त्यात आहे. तिच्यामागे २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारातील समजुतीचे सूत्र दिसते. हा करार महाराष्ट्राच्या तीन विभागांतील नेत्यांनी आपापसांत केला होता. स्वतंत्र घटना लिहिण्याची संधी असती तर तिचे पहिले प्रकरण बहुधा याच कराराचे झाले असते. प्रत्यक्षात ही आपापसांतली समजूत संघाच्या संविधानात गेली. तिची अंमलबजावणी राष्ट्रपतींच्या १९९४ च्या आदेशाने झाली. आणि ३० एप्रिल २०२० रोजी मंडळांची मुदत संपली तेव्हा ती पुढे चालविण्याची अंतिम किल्ली विदर्भाच्या वा मराठवाड्याच्या प्रतिनिधींकडे नव्हती. उलट, नागपूरला विधिमंडळाचे अधिवेशन भरविण्याचे त्याच करारातील वचन संविधानात कोठेही नाही, तरी ते संकेत म्हणून टिकून आहे. लिखित कलमापेक्षा अलिखित संकेत अधिक चिवट निघावा, हे तुलनेच्या अभ्यासकाने टिपून ठेवण्यासारखे आहे.

नागालँडशी तुलना केल्यास हा भेद अधिक स्पष्ट होतो. १९६२ च्या तेराव्या दुरुस्तीने आलेल्या ३७१-अ कलमानुसार नागांच्या धार्मिक व सामाजिक प्रथा, रूढिविधी, जमिनीची मालकी यांविषयीचा संसदेचा कायदा तेथील विधानसभेने ठराव केल्याशिवाय लागू होत नाही. नागालँडला घटना या नावाचा दस्तऐवज नाही. परंतु संमतीचे कलम आहे. महाराष्ट्राच्या कलमात राज्यपालाची जबाबदारी आहे, संमती नाही. दोन्ही कलमे एकाच संख्येच्या कुटुंबातील असली तरी त्यांची जात निराळी आहे. अर्थात ३७१-अ हे कलमही मुळात संसदेला दुरुस्त करता येते, हे ध्यानात ठेवूनच त्याचे मोल ठरवावे.

राजभाषेच्या बाबतीत हीच विविधता दिसते. ३४५ व्या कलमाने राज्यांना आपली राजभाषा साध्या कायद्याने ठरविण्याची मुभा दिली. महाराष्ट्राने १९६४ च्या अधिनियमाने मराठी स्वीकारली. त्याच्या आदल्या वर्षी तेव्हाच्या म्हैसूर राज्याने कन्नड स्वीकारली. गोव्याने १९८७ मध्ये देवनागरी कोंकणीला राजभाषा ठरवून मराठीच्याही शासकीय वापराची तरतूद केली. एकच मराठी भाषा कोल्हापुरात राजभाषा, पणजीत सहचारिणी आणि बेळगावात अल्पसंख्याकांची भाषा आहे. हे भेद कोणत्याही घटनेत लिहिलेले नाहीत. साध्या बहुमताच्या अधिनियमांत आहेत. राज्यांतील खरे घटनात्मक अंतर पुष्कळदा अशा अधिनियमांतच दडलेले असते.

७

राज्याच्या खालच्या पायरीवर, नगराच्या आणि गावाच्या पातळीवर, या रचनेचा परिणाम कसा होतो, याचे एक जवळचे उदाहरण घेता येईल. पुण्याच्या उत्तरेस आळंदीच्या वाटेवरील दिघी हे हवेली तालुक्यातील गाव. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी यांची मिळून १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली, आणि १९९७ मध्ये दिघीसह आसपासची गावे तीत समाविष्ट झाली. दिघीची ग्रामपंचायत संपली. गावाच्या राजकीय जीवनातील हा सर्वांत मोठा बदल. विधीच्या दृष्टीने मात्र तो राज्यशासनाच्या अधिसूचनेचा विषय होता. त्याच परिसरात संरक्षण खात्याच्या संस्था आणि जमिनी आहेत, आणि जवळच खडकीची छावणी. छावण्यांतील स्थानिक शासन हा सातव्या अनुसूचीच्या संघसूचीतील विषय, तर इतर स्थानिक शासन राज्यसूचीतील. एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन निरनिराळ्या सत्तांचे कायदे लागू असल्याचा अनुभव येथील रहिवाशाला नित्याचा आहे.

अमेरिकेतील मिसूरी राज्याच्या १८७५ च्या घटनेने सेंट लुईस नगराला आपली सनद स्वतः तयार करण्याचा अधिकार दिला होता. तशी सोय भारतात नाही. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या व ७४ व्या दुरुस्त्यांनी पंचायती आणि नगरपालिका यांना संविधानात स्थान मिळाले. परंतु कोणत्या गावाने कोणत्या स्वरूपाच्या संस्थेखाली राहावे, हे ठरविण्यात गावाच्या संमतीला स्थान मिळाले नाही. औंधच्या घटनेतील गाव आणि दिघी यांत येथे मूलभूत अंतर पडते. एक रचनेचा आरंभबिंदू होता. दुसरे अनुसूचीतील नोंद.

आणि लेखी हमीही किती पुरते? २४३-यू कलमानुसार नगरपालिकेची मुदत पाच वर्षे, आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. आरक्षण आणि प्रभागरचना यांच्या वादांमुळे निवडणूक लांबत गेली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ नगराचा कारभार प्रशासकाकडे राहिला. संविधानातील स्पष्ट शब्द असूनही दिघीच्या मतदाराला त्या काळात स्वतःचा नगरसेवक नव्हता. येथे पुन्हा तोच दुसरा प्रश्न उभा राहतो : लोकांच्या जागी कोण उभा आहे?

८

या विवेचनातून तुलनेच्या पद्धतीविषयी काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, भारतातील राज्यांना घटना नाही असे म्हणण्याऐवजी, त्यांना अशी घटना आहे की जिचे कर्तृत्व त्यांच्याकडे नाही, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. दुसरा असा की, कर्तृत्व राज्याकडे असणे हा सद्गुणच असतो असे नाही. अलाबामाचे आणि काश्मिरी भाषेचे उदाहरण त्याविरुद्ध जाते, आणि डॉ. आंबेडकरांची शंका अजून निरुत्तर झालेली नाही. तिसरा आणि प्रमुख निष्कर्ष असा की, घटनेचे बळ दस्तऐवजात नसून संमतीच्या तरतुदीत असते. आणि त्या तरतुदीचे बळ, संमती देणाऱ्याची जागा दुसऱ्याला घेता येते की नाही, यावर अवलंबून असते. तुलना करावयाची ती या तरतुदींची.

यासाठी प्रथम तुलनेची सामग्री एकत्र हवी. सहाव्या भागातील कलमे, ३७१ (२), १९६० चा पुनर्रचना अधिनियम, १६६ व्या कलमाखालील शासनाचे कामकाजाचे नियम, २०८ व्या कलमाखालील विधिमंडळाचे नियम, १९६४ चा राजभाषा अधिनियम, ग्रामपंचायत आणि महानगरपालिका यांचे अधिनियम, आणि नागपूर करारासारखे राजकीय दस्तऐवज, हे सर्व मिळून महाराष्ट्राची घटना होते. ते एका ठिकाणी, एका क्रमाने, मराठी परिभाषेच्या टिपांसह संपादित केल्यास पदव्युत्तर अभ्यासाला एक भक्कम आधारग्रंथ लाभेल. त्याच्या परिशिष्टात औंधची १९३९ ची घटना अवश्य असावी. अशा ग्रंथाचे नाव 'महाराष्ट्राची राज्यघटना' ठेवले, तर प्रथमदर्शनी ते चुकीचे वाटेल. पाने उलटल्यावर ते चुकीचे का नाही, हे वाचकास समजून येईल.